सेट टॉप बॉक्सच्या मागे कुठली वायर लावायची, आणि का

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर बॉक्समधून टीव्हीला चित्र नेणारी एचडीएमआय केबल मागितली की दुकानदार आधी विचारतो, साधी देऊ, फोरकेवाली देऊ की एटकेवाली (म्हणजे एचडीपेक्षा कितीतरी जास्त ठिपक्यांच्या चित्रासाठीची), आणि त्या हिशोबाने किंमत चढत जाते. घरी बॉक्स एचडी, टीव्हीही एचडी, तरी माणूस महागातली घेऊन येतो, कारण त्या वायरमधून नक्की जातं काय हे कोणी कधी नीट सांगितलेलंच नसतं. ते एकदा कळलं की कुठलं कनेक्शन घ्यायचं ते आपलं आपण ठरवू शकतो, म्हणून जरा वरपासून सुरुवात करतो.

अगदी वरपासून. टीव्हीचे उपग्रह विषुववृत्तावर ३५,७८६ किलोमीटर उंचीवर असतात, म्हणून मुंबईतल्या ग्रिलवरच्या छत्र्या दक्षिण आणि पूर्वेच्या मधे कुठेतरी तोंड करून बसलेल्या दिसतात. छत्रीवर येणाऱ्या लहरी ११-१२ गिगाहर्ट्झच्या आसपासच्या, आणि एवढी फ्रिक्वेन्सी साध्या वायरीतून घरात आणायला गेलं तर वाटेतच विरून जाईल. म्हणून छत्रीच्या तोंडाशी जो एलएनबी असतो तो ती ९५० ते २१५० मेगाहर्ट्झपर्यंत खाली उतरवतो आणि मग ती काळ्या कोअॅक्स वायरीतून खाली येते. त्याच वायरीतून उलट्या दिशेला बॉक्स एलएनबीला १३ किंवा १८ व्होल्ट पाठवतो, म्हणजे त्याला वीजही मिळते आणि उभ्या लहरी घ्यायच्या की आडव्या हेही कळतं. एका वायरीत तीन कामं, मला तर हे डिझाईन फार आवडतं.

आता खरी मेख. उपग्रहावरून येणारं एचडी चॅनल प्रचंड दाबून, कॉम्प्रेस करून पाठवलेलं असतं, सेकंदाला काही मेगाबिट फक्त. तेच उघडलं तर १९२० गुणिले १०८० ठिपके, प्रत्येक ठिपक्याला २४ बिट, सेकंदाला २५ पूर्ण चित्रं, म्हणजे जवळजवळ १.२५ गिगाबिट. शंभर-दोनशे पट फुगलं. दूध पावडरसारखं आहे हे, लांबून पावडर आणायची आणि पाणी घरी घालायचं. प्रश्न एवढाच की पाणी घालायचं कुणी, बॉक्सने की टीव्हीने?

बॉक्स आणि टीव्हीमधलं कनेक्शन निवडणं म्हणजे खरं तर हाच प्रश्न सोडवणं आहे, आणि वीसेक वर्षांपूर्वी यावर दोन वेगळी उत्तरं समोर होती. एक होतं फायरवायर, म्हणजे आयईईई १३९४. वेग ४०० मेगाबिट, त्यामुळे उघडलेलं एचडी चित्र त्यात मावायचंच नाही, दाबलेलं जसंच्या तसं पाठवायचं आणि टीव्हीने उघडायचं. अमेरिकेत तर केबलच्या एचडी बॉक्सवर हे पोर्ट द्या असा २००४ पासून नियमच होता. दुसरं उत्तर आधी कॉम्प्युटरच्या मॉनिटरसाठी आलं, १९९९ चं डीव्हीआय, आणि त्याच पायावर डिसेंबर २००२ मधे एचडीएमआय आलं, हिताची, सोनी, फिलिप्स, तोशिबा वगैरे सात कंपन्यांनी मिळून केलेलं. यात चित्र बॉक्समधेच उघडायचं आणि टीव्हीला तयार ठिपके पाठवायचे.

ऐकायला फायरवायर जास्त हुशार वाटतं, कमी डेटा, कमी वेग, कशाला उगाच फुगवायचं. पण थोड्याच वर्षांत चित्र दाबायच्या एमपीईजी-२ या जुन्या पद्धतीच्या जागी एमपीईजी-४ ही नवी यायला लागली, आणि ज्या टीव्हीला फक्त जुनं उघडता येतं त्याला नवं काय कप्पाळ कळणार? एचडीएमआयवाल्या टीव्हीला त्याचा काही पत्ताच नाही, त्याला नुसते ठिपके मिळतात. बदलायचा तर बॉक्स बदला, टीव्ही तसाच राहू द्या. आपल्याकडे दूरदर्शनच्या मोफत डीडी फ्री डिशवर हे आजही दिसतं, तिथे दोन्ही प्रकारची चॅनल्स आहेत आणि जुन्या एमपीईजी-२ बॉक्सवर एमपीईजी-४ वाली लागत नाहीत, पण नवा बॉक्स आणला की तोच टीव्ही सगळं दाखवतो. लवकर जुनी होणारी गोष्ट स्वस्त डब्यात ठेवायची आणि महागड्या टीव्हीला त्यापासून लांब ठेवायचं, माझ्या मते एचडीएमआयचा सगळ्यात मोठा फायदा हाच, क्लॅरिटी वगैरे त्यानंतर.

पिवळी-लाल-पांढरी वायर अजून बऱ्याच घरात आहे, तिच्याबद्दल थोडक्यात. पिवळ्यातून चित्राचा उजेड आणि रंग दोन्ही एकाच तारेवर जातात आणि एकमेकांत मिसळतात, म्हणून बारीक चेकच्या शर्टावर इंद्रधनुष्यासारखे रंग नाचतात. एचडी तिच्यातून येतच नाही, बॉक्सवर एचडी लिहिलेलं असो की नसो. घरात एचडी बॉक्स असून पिवळी वायर लावलेली असेल तर आजच बदला, पैसे भरताय ते चित्र तुम्हाला दिसतच नाहीये.

एचडीएमआयसोबत एक कुलूपही येतं, इंटेलने बनवलेलं एचडीसीपी. बॉक्स आणि टीव्ही एकमेकांच्या चाव्या तपासतात आणि जुळलं तरच चित्र. फोरके साठी सहसा याचं २.२ व्हर्जन लागतं, आणि सुरुवातीच्या काही फोरके टीव्हीत ते एखाद-दुसऱ्याच पोर्टला दिलेलं होतं, त्यामुळे स्क्रीन काळी पडली तर टीव्ही बिघडला म्हणून ओरडण्याआधी वायर दुसऱ्या पोर्टला लावून बघा.

आणि पावसाळ्याचं. जुलैत जोराची सर आली की चित्राचे चौकोनी तुकडे होतात, मग पूर्ण जातं, आणि लोक एचडीएमआय केबल काढून घालून बघतात. पण चौकोन पडतात ते दाबलेला डेटा अर्धवट पोचल्यामुळे, म्हणजे गडबड छत्रीच्या बाजूला आहे, कारण ह्या फ्रिक्वेन्सीच्या लहरी पावसाचं पाणी शोषून घेतं. बॉक्सचा ‘सिग्नल मिळत नाही’ हा मेसेज स्क्रीनवर स्वच्छ वाचता येतोय ना, तो मेसेज एचडीएमआयमधूनच आलाय, म्हणजे ती वायर ठणठणीत आहे! टीव्हीचा स्वतःचा नो सिग्नल आला, किंवा पांढरे ठिपके चमकले, स्क्रीन क्षणभर काळी होऊन परत आली, तरच एचडीएमआयकडे बघायचं. पाऊस थांबूनही चौकोन जात नसतील तर खिडकीबाहेरचा कनेक्टर तपासा, खारी हवा आणि पाणी त्याला गंजवून टाकतं.

आता दुकानदाराच्या प्रश्नाकडे. १०८०आय म्हणजे नेहमीच्या एचडी चॅनलच्या चित्राला एचडीएमआयच्या तारेवर, ठिपक्यांसोबत जाणारी जादा भर धरून, सेकंदाला साधारण २.२ गिगाबिट लागतात आणि पहिल्याच व्हर्जनची क्षमता ४.९५ होती, त्यामुळे एचडी बॉक्सला कुठलीही धड केबल पुरते. सेकंदाला ६० चित्रांचं फोरके असेल तर १७.८ लागतात, म्हणून २०१३ चं एचडीएमआय २.० हे १८ गिगाबिटचं, त्याला ‘प्रीमियम हाय स्पीड’ लिहिलेली घ्या. ४८ गिगाबिटची ‘अल्ट्रा हाय स्पीड’ गेम खेळणाऱ्यांसाठी ठीक, डिशच्या बॉक्सला तिचा काडीचा उपयोग नाही. महाग केबलने रंग उठून दिसत नाहीत, ठिपका एक तर बरोबर पोचतो किंवा चुकतो. मात्र इंटिरियरवाला भिंतीत पाईप टाकून लांब वायर नेणार असेल तर तिथे कंजूषी करू नका, आणि पाईप जाडच टाकायला सांगा, उद्या वायर बदलायची वेळ येणारच.

आता वारं पुन्हा उलटं फिरतंय. भारतीय मानक ब्यूरोने आयएस १८११२:२०२२ काढलंय, सॅटेलाइट ट्यूनर आतच असलेल्या टीव्हीसाठी, म्हणजे छत्रीची वायर थेट टीव्हीत आणि फ्री चॅनल्स बॉक्सशिवाय. वरळीच्या चाळीत असो की विरारच्या वन आरकेत, एक डबा, एक रिमोट आणि एक प्लग कमी, हे चांगलंच आहे. पण मग उघडायचं काम परत टीव्हीकडे जातं, तेव्हा घेताना दुकानात नीट विचारा की त्याला एमपीईजी-४ आणि डीव्हीबी-एस२ (उपग्रहावरून सिग्नल पाठवायची नवी पद्धत) दोन्ही कळतात ना. पैसे भरायच्या चॅनल्सना कुलपाचं कार्ड लागणारच, आणि त्यासाठी टीव्हीला यूएसबीवर चालणारं सगळ्या कंपन्यांना सारखं पोर्ट असावं अशी शिफारस ट्रायने, म्हणजे दूरसंचार नियामकाने, एप्रिल २०२० मधेच करून ठेवलीय. ते झालं तर कंपनी बदलताना बॉक्स भंगारात न टाकता छोटं मॉड्यूल तेवढं बदलायचं, आणि हे व्हायलाच हवं असं मला मनापासून वाटतं.