संदिग्ध वियोग आणि कोकणातील कुटुंब

संदिग्ध वियोग : आपला माणूस आहे की गेला, हे ठरवता येत नाही अशा स्थितीत कुटुंबाच्या वाट्याला येणारे दुःख. मृत्यूच्या दुःखाला तिथी असते, तेरावे असते, वर्षश्राद्ध असते, भेटायला येऊन चार शब्द बोलणारी माणसे असतात. या दुःखाला यांतले काहीच मिळत नाही. ही संकल्पना अमेरिकेतील कुटुंबोपचारतज्ज्ञ आणि संशोधक पॉलिन बॉस (जन्म १९३४) यांनी १९७०च्या दशकात मांडली. त्यांचे बहुतेक काम विस्कॉन्सिन आणि मिनेसोटा या राज्यांत झाले. कोकणाशी त्याचा थेट संबंध नाही. पण ज्या किनाऱ्यावर घरातला एक मुंबईला आणि एक दर्यावर अशी वाटणी पिढ्यान्‌पिढ्या चालत आली, तिथल्या वाचकाला त्यांच्या लिखाणात ओळखीची घरे दिसू लागतात. म्हणून प्रस्तुत नोंद त्या अंगाने केली आहे. मूळ इंग्रजी ‘ॲम्बिग्युअस लॉस’मधल्या ‘लॉस’साठी ‘हानी’ऐवजी ‘वियोग’ हा शब्द घेण्याचे कारण सरळ आहे : हानी झाली की नाही, हेच तर त्या घराला ठाऊक नसते.

संकल्पनेचा उगम

विस्कॉन्सिन विद्यापीठात संशोधन करताना बॉस यांचे लक्ष अशा कुटुंबांकडे गेले, जिथे वडील रोज रात्री घरी असत, पण घरच्यांच्या लेखी नसल्यासारखेच. पुढे त्यांनी व्हिएतनाम युद्धात बेपत्ता झालेल्या अमेरिकी सैनिकांच्या पत्नींचा अभ्यास केला. तिथे उलटे चित्र होते. नवरा कित्येक वर्षे घरात नव्हता, पण मुलांना रागवायचे की नाही, घर विकायचे की नाही, हे त्याला विचारल्यासारखे करूनच ठरत होते. नवऱ्याची जागा अशी राखून ठेवणाऱ्या घरांना रोजचा व्यवहार अधिक जड जात असल्याचे त्यांना आढळले. यातून त्यांनी दोन प्रकार केले. शरीराने दूर पण मनाने हजर, हा पहिला. शरीराने हजर पण मनाने दूर, हा दुसरा. दोन्हींच्या मुळाशी एकच पेच असतो : कुटुंबात कोणाला धरायचे आणि कोणाला नाही. याला त्यांनी कुटुंबाच्या सीमेची संदिग्धता म्हटले.

या विचाराची एक मुळी त्यांच्या स्वतःच्या घरात होती. वडील स्वित्झर्लंड सोडून विस्कॉन्सिनच्या न्यू ग्लॅरस या वसाहतीत आलेले. मागे राहिलेल्या माणसांची ओढ त्यांना जन्मभर सुटली नाही, आणि ती मुलीने लहानपणापासून पाहिली. मिनेसोटा विद्यापीठात अध्यापन करत असताना १९९९ मध्ये या विषयावरचे त्यांचे मुख्य पुस्तक आले. ११ सप्टेंबर २००१च्या हल्ल्यानंतर न्यूयॉर्कमध्ये बेपत्ता कामगारांच्या कुटुंबांसोबतही त्यांनी काम केले.

चाकरमान्याचे घर

मुंबईतील पहिली कापडगिरणी १८५०च्या दशकात उभी राहिली. तिथपासून रत्नागिरी जिल्हा (त्यात तेव्हा आजच्या सिंधुदुर्गाचा बराच भागही आला) गिरणगावाला माणसे पुरवत राहिला. पुरुष मुंबईत, बायको-मुले-म्हातारी गावी, असे हे घर. २०११च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या आणि सिंधुदुर्गात १०३६. बाकी महाराष्ट्रात हा आकडा हजाराच्या खाली असताना इथे तो वर राहतो, कारण इथले बरेच पुरुष मुंबई-ठाण्यात मोजले जातात. २००१ ते २०११ या दशकात तर दोन्ही जिल्ह्यांची लोकसंख्याच घटली. आता बायकाही निघाल्या, आणि मागे कुलूपबंद घरे राहिली.

चाकरमानी बेपत्ता नसतो, त्याचा पत्ता घरच्यांना तोंडपाठ असतो. म्हणून हा संदिग्ध वियोग नव्हे, असे कोणी म्हणेल, आणि ते अर्धे खरे आहे. पण बॉस यांचा कुटुंबाच्या सीमेचा प्रश्न इथे जसाच्या तसा लागू पडतो. फणसाचे झाड तोडायला द्यायचे, बैल बदलायचा, पोरीचे स्थळ बघायचे, यांतले काय सुनेने ठरवायचे, काय सासऱ्याने आणि कशासाठी मुंबईच्या पत्राची वाट बघायची? पत्र यायला आठवडा. तोवर गाय विकत घेणारा दुसऱ्या गावी गेलेला. शिवाय ते पत्र अनेक घरांत पोस्टमन किंवा गुरुजी वाचून दाखवत. नवरा-बायकोतले जे चार शब्द असायचे, तेही चारचौघांत. मनीऑर्डरच्या फॉर्मखालची दोन ओळींची जागा हाच कित्येक संसारांचा संवाद होता. तो छापील फॉर्म २०१५ मध्ये टपाल खात्याने बंद केला.

या संसाराच्या मुंबईकडच्या टोकाला गावकऱ्यांची खोली होती. एकाच गावचे वीस-पंचवीस जण पाळ्यांनी झोपायचे, खानावळीत जेवायचे, शिमग्याला नि गणपतीला गाडी पकडायची. वर्षाचे पन्नास आठवडे तो घराबाहेरचा आणि दोन आठवडे घरचा कर्ता. त्या दोन आठवड्यांत मुले त्याला बघून आईच्या पदराआड जात. ओळख पटेपर्यंत विसर्जन होई. निवृत्त होऊन कायमचा परतलेला माणूस आणि त्याच्याशिवाय तीस वर्षे चाललेले घर यांची गाठ पडते तेव्हाचा अवघडलेपणा तर कोकणात घरोघरी सांगितला जातो, बहुधा विनोद म्हणून. १८ जानेवारी १९८२ला गिरणी संप सुरू झाला आणि हे परतणे हजारोंवर वेळेआधीच लादले गेले. काहींना रिकाम्या हाताने गावी जायची लाज वाटली आणि ते गेलेच नाहीत. त्यांची घरे मात्र खऱ्याखुऱ्या संदिग्ध वियोगात सापडली.

याला कोकणाने स्वतःचा एक उपायही घडवला होता. देवळातल्या गाऱ्हाण्यात, म्हणजे देवाला घातलेल्या सामूहिक विनवणीत, गावच्या लेकरांबरोबर मुंबईत चाकरीला गेलेल्यांचाही उल्लेख होतो, आणि सगळे ‘व्हय म्हाराजा’ म्हणतात. गावाबाहेर असलेला माणूस गावाच्या यादीत आहे, हे असे जाहीरपणे म्हटले जाते. घराची सीमा कुठवर, याचे उत्तर एकट्या सुनेला शोधावे लागत नाही. गणपतीच्या गर्दीला हौस म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

दर्यावर गेलेले

खरी तीव्रता किनाऱ्याच्या घरांत दिसते. मुंबईच्या माणसाचे पत्र उशिरा येते; दर्यावर राहिलेल्याचे येतच नाही. १७ जुलै १९४७ला, दिव्यांच्या अवसेच्या दिवशी, भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघालेली ‘रामदास’ बोट काशाच्या खडकाजवळ उलटली आणि सहाशेहून अधिक माणसे बुडाली. मुंबईला बातमी कळायलाच काही तास गेले. ११ नोव्हेंबर २००९चे फयान वादळ आले तेव्हा रत्नागिरी-सिंधुदुर्गाच्या नौका पाण्यात होत्या. काही खलाशी परतले नाहीत.

कोळी, गाबीत आणि मुसलमान दालदी या मच्छीमार समाजांच्या घरांत अशा वेळी काय होते? पहिले काही दिवस सगळी वाडी बंदरावर असते. मग इतर होड्या पुन्हा धंद्याला लागतात, आणि त्या घरापुरते घड्याळ थांबते. बायकोने कुंकू लावायचे की पुसायचे, हा प्रश्न कोणी तोंडावर विचारत नाही, आणि सगळ्यांच्या मनात तोच असतो. लावले तर ‘हिला कळत नाही’, पुसले तर ‘हिने मारून टाकला’. सासू आशा धरून असते, दीर सोडून बसतो, आणि एकाच ओटीवर दोघांचे बोलणे तुटते. बॉस यांच्या मते घरातली ही भांडणे कोणाच्या स्वभावातून येत नाहीत. पुराव्याच्या अभावी प्रत्येकाने आपापला निकाल लावलेला असतो, इतकेच. त्यामुळे ‘आता सत्य स्वीकार’ हा सल्ला निरुपयोगी ठरतो. कोणते सत्य?

अलीकडे यात आणखी एक गुंता आला आहे. रत्नागिरीच्या अनेक बोटींवर खलाशी नेपाळचे किंवा परप्रांतातले असतात. बोट इथली बुडते आणि वाट भलत्याच डोंगरातल्या गावात पाहिली जाते. उत्तरेला पालघरचे खलाशी गुजरातच्या बोटींवर जातात आणि कधी पाकिस्तानच्या कैदेत सापडतात. २००८च्या करारानुसार दोन्ही देश १ जानेवारी आणि १ जुलैला कैद्यांच्या याद्या एकमेकांना देतात. माणूस जिवंत आहे एवढे त्यातून समजते. कधी सुटेल ते नाही.

घरात असून नसलेले

दुसऱ्या प्रकारात मुख्यतः स्मृतिभ्रंश आणि दीर्घ मनोविकार येतात. स्मृतिभ्रंश झालेल्यांची काळजी घेणाऱ्यांच्या अभ्यासात बॉस आणि सहकाऱ्यांना असे दिसले की काळजीवाहकाच्या नैराश्याचा संबंध आजाराच्या तीव्रतेपेक्षा या संदिग्धतेशी अधिक होता. तरुण निघून गेलेल्या गावांत हा भार एखाद्या सुनेवर, बहुतेकदा तीही साठीची, पडतो. सासरा तिला रोज ‘तू कोणाची?’ विचारतो, आणि मुंबईचा नवरा फोनवर ‘बाबा कसे आहेत?’ विचारतो. दोन्हींना तिच्याकडे धड उत्तर नसते.

उपचार

बॉस यांनी सुचवलेल्या वाटेत दुःखाचा निकाल लावण्याची सक्ती नाही. ‘तो बहुधा गेला, आणि कदाचित येईलही’ अशी दोन परस्परविरोधी वाक्ये एकाच वेळी मनात बाळगायला शिकवणे हा तिचा गाभा. अपराधी भाव आणि राग यांना वेडेपणा न म्हणता साहजिक म्हणणे, आपल्या हातात काय नाही ते ओळखणे, घरातली कामे आणि अधिकार नव्याने वाटून घेणे, आणि शक्यतो एकेकट्याशी न बोलता सगळ्या घराला एकत्र बसवणे, अशी तिची पुढची पावले.

कोकणात लोक अजून आधी देवाकडे जातात. ग्रामदैवत रवळनाथाला कौल लावून (मूर्तीला लावलेले फूल-पाकळी कोणत्या बाजूने पडते त्यावरून देवाचे उत्तर घेऊन) ‘जिवंत असा काय?’ विचारतात. कौल उजवा पडो की डावा, त्या घराला एक उत्तर मिळते आणि ते चारचौघांसमोर मिळते, ही त्यातली ताकद. पण कौलाने ‘आहे’ सांगितले आणि पुढे दहा वर्षे कोणी आले नाही, तर देवाला खोटे पाडायची सोयही उरत नाही. प्रस्तुत लेखकाला इथेच समुपदेशकाची गरज दिसते. कौलाला विरोध करायला नव्हे, कौलानंतरच्या वर्षांसाठी. शासकीय सेवांत रत्नागिरीचे प्रादेशिक मनोरुग्णालय आणि २०२२ पासूनची टेलिमानस ही १४४१६ क्रमांकाची दूरध्वनी सेवा आहे. मनोरुग्णालयाच्या नावाची धास्ती वाटणाऱ्याला फोन सोपा.

संकल्पनेवर आक्षेपही आहेत. ती इतकी सैल आहे की घटस्फोटापासून स्थलांतरापर्यंत काहीही तिच्यात बसते. दुसरे, ती अमेरिकेतल्या छोट्या कुटुंबावर बेतलेली आहे. जिथे काका, आते, भावकी आणि वाडी मिळून घर होते, तिथे एकाच्या जाण्याने सीमा तेवढी हलत नाही, किंवा वेगळ्याच जागी हलते.

किती वर्षे थांबायचे

बेपत्ता माणसाबाबत समाजाने आणि कायद्याने वाट पाहण्याची मुदत ठरवून ठेवली आहे, आणि एकाच बंदरात तिची तीन मापे चालतात. सात वर्षे ज्याची खबर नाही तो मृत मानण्याची तरतूद १८७२च्या पुरावा कायद्याच्या कलम १०८ मध्ये होती. १ जुलै २०२४ पासून ती भारतीय साक्ष अधिनियमात आली. १९५५चा हिंदू विवाह कायदाही सात वर्षांनी पत्नीला घटस्फोट मागू देतो. दालदी स्त्रीला १९३९च्या मुस्लीम विवाहविच्छेद कायद्याने हाच हक्क चार वर्षांनी मिळतो. धर्मशास्त्राची रूढ मुदत मात्र बारा वर्षांची. कायद्याची मुदत भरेपर्यंत विमा, बँकेचे खाते, सातबारावरची वारसनोंद, सगळे अडकून राहते, आणि मुदतीआधी मृत्यूचा दाखला मागायला जाणारीला घरातलेच नावे ठेवतात.

बारा वर्षांनी पालाशविधी करतात. पळसाच्या ३६० पानांची मनुष्याकृती मांडून तिला अग्नी द्यायचा आणि मग सुतक पाळायचे. एवढे होऊन तो माणूस परत आला तर काय, याचाही विचार शास्त्रकारांनी केला आहे. त्याला तुपाने स्नान घालावे, जातकर्मापासूनचे संस्कार पुन्हा करावेत, आणि त्याने आपल्याच बायकोशी नव्याने लग्न लावावे.