प्रतापनगर रेल्वे स्टेशन, बडोदे

प्रतापनगर हे बडोदे शहरातलं दुसरं स्टेशन, पश्चिम रेल्वेच्या वडोदरा मंडळातलं, कोड पीआरटीएन. मुंबई-अहमदाबाद मेन लाइनवरचं बडोदा जंक्शन वेगळं (आमच्याकडे त्याला नुसतं 'मोठं स्टेशन' म्हणतात) आणि हे वेगळं, त्यामुळे पुण्या-मुंबईहून येणाऱ्या पाहुण्यांनी तिकिटावरचं नाव नीट वाचून मगच रिक्षात बसावं. मेन लाइनवरच्या विश्वामित्रीहून पूर्वेला जो फाटा निघतो त्यावर, शहराच्या दक्षिण अंगाला हे स्टेशन आहे. डभोई, चांदोद, एकतानगर म्हणजे जुनं केवडिया, बोडेली, छोटा उदेपूर, या सगळ्या गावांकडे जायचा रस्ता इथूनच. गंमत अशी की अख्ख्या मंडळाचं मुख्य ऑफिस, म्हणजे डीआरएम ऑफिस, प्रतापनगरलाच आहे, पण राजधानी-शताब्दी धावतात त्या मोठ्या स्टेशनवरून.

बैलांची रेल्वे

या स्टेशनची गोष्ट खरं तर बडोद्यात सुरूच होत नाही, ती सुरू होते डभोईला. बीबी अँड सीआय (बॉम्बे, बरोडा अँड सेंट्रल इंडिया) या रेल्वे कंपनीची लाइन 1861 मध्ये भरुचहून बडोद्याला पोचली आणि पुढच्याच वर्षी, 1862 ला, खंडेराव महाराज गायकवाडांनी डभोई ते मेन लाइनवरचं मियागाम अशी 20 मैलांची स्वतःची लाइन टाकली, गेज (दोन रुळांमधलं अंतर) अडीच फूट, म्हणजे 762 मिलिमीटर. भारतातली ही पहिली नॅरोगेज. हा सगळा कानम प्रदेश काळ्या मातीचा आणि कापसाचा, त्यात अमेरिकेत यादवी युद्ध चालू असल्याने कापसाला तेव्हा सोन्याचा भाव, म्हणजे मेन लाइनपर्यंत माल पोचवायची सोय किती कामाची होती ते वेगळं सांगायला नको.

पण या रेल्वेला इंजिन नव्हतं, डबे बैल ओढायचे! 1863 मध्ये ग्लासगोच्या नीलसन कंपनीची इंजिनं आणली पण रूळ होते यार्डाला 13 पौंडांचे, म्हणजे मीटरला साडेसहा किलोसुद्धा नाही (आत्ता मेन लाइनला 60 किलोचे असतात), त्यांना इंजिनाचा भार काही पेलेना, मग पुन्हा बैल जुंपले आणि दहाएक वर्षं तसंच चाललं. जाड रूळ टाकून 1873 मध्ये इंजिनं नियमित धावायला लागली, तोवर खंडेराव जाऊन गादीवर मल्हारराव आले होते.

गोयागेट

बडोद्यात जे काही चांगलं ते सयाजीरावांनी केलं असं म्हणायची आपली पद्धत आहे आणि बऱ्याचदा ते खरंही असतं, पण इथे थोडं सांभाळून. डभोईहून लाइन चांदोदला आणि बहादरपूरला गेली 1879 मध्ये, बडोद्याला गोयागेटपर्यंत आली 1880 मध्ये आणि तिथून विश्वामित्रीला जोडली 1881 मध्ये. महाराज तेव्हा अल्पवयीन, राज्याचा पूर्ण कारभार त्यांच्या हातात आला 1881 च्या डिसेंबरात, तोपर्यंत सगळं दिवाण सर टी. माधवराव बघत होते. तर हे गोयागेट म्हणजेच आजचं प्रतापनगर. आमची आजी शेवटपर्यंत 'गोयागेटला जाऊन गाडी धरा' असंच म्हणायची आणि आम्ही पोरं ते कुठलं स्टेशन म्हणून बोर्ड शोधत बसायचो.

सयाजीरावांच्या काळात पसारा वाढला, 1890 मध्ये लाइन बोडेलीला पोचली, 1919 मध्ये गोयागेटला रेल्वेचा वर्कशॉप झाला आणि नॅरोगेजचे डबे-इंजिनं दुरुस्त व्हायला तिथे यायची. डभोईहून एके काळी पाच दिशांना छोटे रूळ जायचे. गायकवाड्स बडोदा स्टेट रेल्वे हे नाव गेलं 1949 मध्ये, ती बीबी अँड सीआयमध्ये गेली आणि 1951 मध्ये पश्चिम रेल्वे झाली.

गुजरातीत या छोट्या गाडीला बापूगाडी म्हणायचे. डबा इतका अरुंद की समोरच्याचे गुडघे आपल्या गुडघ्यांना लागायचे, म्हणजे ओळख करून घ्यावीच लागायची, आणि वेग एवढाच की खिडकीतून शेतातल्या माणसाशी दोन वाक्यं बोलून व्हायची. वेळेवर पोचायची घाई असणाऱ्याने एसटी धरावी हे सगळ्यांना मान्य होतं. आता या लाइनवर ब्रॉडगेज झालंय, त्या जुन्या छोट्या गाड्या बघायच्या तर डीआरएम ऑफिसजवळच्या हेरिटेज पार्कमध्ये. मुलांना घेऊन जा, गेज म्हणजे काय ते पुस्तकापेक्षा तिथे पटकन कळतं.

आताच्या गाड्या

ब्रॉडगेज झाल्यावर नकाशाच बदलला. छोटा उदेपूरकडची लाइन पुढे मध्य प्रदेशात घुसून 2019 मध्ये अलिराजपूरला पोचली. दुसरीकडे डभोई-चांदोद रुंद केली, चांदोद ते केवडिया नवी लाइन टाकली, प्रतापनगर ते केवडिया वीज आली आणि 17 जानेवारी 2021 ला पंतप्रधानांनी एकदम आठ गाड्यांना हिरवा झेंडा दाखवला. त्यात दादर, वाराणसी, चेन्नई अशा लांबच्या होत्या आणि प्रतापनगर-केवडिया मेमू, म्हणजे जवळच्या अंतराची विजेवरची गाडी, तीही होती. कारण अर्थातच केवडियाला 2018 मध्ये झालेला सरदार पटेलांचा 182 मीटरचा पुतळा. लांबच्या गाड्या पर्यटकांसाठी, पण प्रतापनगरचं खरं गिऱ्हाईक मेमू आणि पॅसेंजरचं, म्हणजे डभोईहून कामाला येणारे, कॉलेजची पोरं, भाजीच्या टोपल्या. जनरल तिकीट खिडकीवर किंवा रेल्वेच्या ॲपवर काढायचं. वेळा आणि नंबर बदलत असतात, निघायच्या आधी एकदा बघून घ्या, कारण एक गाडी चुकली की दुसरीसाठी बराच वेळ बाकावर बसावं लागतं, दर दहा मिनिटांनी लोकल ही मुंबईची चैन इथे नाही.

बडोद्याच्या मराठी घरांना मात्र पुतळ्याच्या आधीपासून ही लाइन माहीत आहे ती नर्मदेसाठी. चांदोदला श्राद्ध आणि अस्थिविसर्जन, तिथून नावेने कर्नाळीला कुबेर भंडारीचं देऊळ, अमावस्येला तर गाडीत पाय ठेवायला जागा नाही. डब्यात एखादे काका मांडीवर लाल फडक्यात बांधलेला कलश दोन्ही हातांनी धरून गप्प बसलेले असतात, लोक न सांगता त्यांना खिडकी देतात. आणि नव्या लाइनवर तिलकवाड्यानंतर गरुडेश्वर लागतं, तिथे टेंबे स्वामींची, म्हणजे वासुदेवानंद सरस्वतींची 1914 ची समाधी. आधी तिथे जायचं तर बसने धक्के खात जावं लागायचं, आता त्या नावाचं स्टेशनच लाइनवर आहे, पण बडोद्याच्या दांडिया बाजारातली म्हातारी मंडळी अजून 'बस किती वाजता' असंच विचारतात.