उडी (प्लॅटफॉर्म गेम)

प्लॅटफॉर्म गेम या प्रकारच्या व्हिडिओ गेममध्ये पात्राला एका आधारावरून हवेत नेऊन दुसऱ्या आधारावर उतरवणारी मूलभूत क्रिया म्हणजे उडी. खड्डा ओलांडणे, उंच कठड्यावर चढणे, शत्रूला चुकवणे किंवा त्याच्या डोक्यावर पडून त्याला संपवणे ही सारी कामे बहुधा एकाच बटणावर होतात. धावणारे पात्र खेळाडू हवे तेव्हा थांबवू शकतो. उडी मात्र एकदा घेतली की पाय पुन्हा टेकेपर्यंत तिच्यातून सुटका नसते. डोळ्यांनी घेतलेला अंतराचा अंदाज, बटण दाबण्याचा क्षण आणि त्याचा निकाल या तिन्ही गोष्टी साधारण सेकंदाभरात उरकतात आणि या खेळांची बरीचशी रंगत त्या सेकंदातच असते. टप्प्यांची आखणीही उडीच्या मापानेच होते. खड्डा किती रुंद ठेवायचा आणि कठडा किती उंच, हे पात्राची उडी किती जाते यावर ठरते; म्हणून अर्धे काम झाल्यावर उडीचे आकडे बदलले, तर आधी आखलेले टप्पे पुन्हा तपासावे लागतात.

सुरुवातीला उडी गृहीत धरलेली नव्हती. १९८० मधील ‘स्पेस पॅनिक’ या आर्केड गेममध्ये (नाणे टाकून खेळायच्या यंत्रावरच्या गेममध्ये) मजले आणि शिड्या होत्या, पण पात्राला उडी मारता येत नसे. १९८१ मध्ये शिगेरू मियामोतो यांनी निन्टेन्डोसाठी रचलेल्या ‘डाँकी काँग’मध्ये उडीला स्वतंत्र बटण मिळाले. तिरक्या तुळयांवरून घरंगळत येणारी पिंपे ओलांडत वर चढणे हे त्यातले मुख्य काम होते. नायकाचे आरंभीचे नावच ‘जंपमॅन’ होते. मारिओ हे नाव त्याला नंतर मिळाले. ही उडी ठरावीक मापाची होती, हवेत दिशा बदलता येत नसे आणि थोड्याशा उंचीवरून पडले तरी जीव जाई. १९८२ मध्ये डेव्हिड क्रेन यांनी अटारी २६०० या टीव्हीला जोडायच्या गेमयंत्रासाठी केलेल्या ‘पिटफॉल’ने ही क्रिया घरातल्या टीव्हीवर आणली आणि खड्डे, घरंगळते ओंडके व मगरींची डोकी यांवरून उड्या मारायला लावले.

उडीला आजचे रूप दिले ते १३ सप्टेंबर १९८५ रोजी जपानमध्ये आलेल्या ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ने. त्यात बटण जितका वेळ दाबून धरावे तितकी, एका मर्यादेपर्यंत, उडी उंच जाते. यामागची युक्ती साधी आहे: वर जाताना बटण दाबलेले असेल तर पात्रावर कमी गुरुत्व लावले जाते आणि बोट उचलताच ते वाढवले जाते. वेगाने धावत घेतलेली उडी उभ्याने घेतलेल्या उडीपेक्षा उंच जाते आणि हवेत असतानाही पात्राला थोडेफार पुढेमागे सरकवता येते. बटणाला फक्त ‘दाबले’ आणि ‘सोडले’ या दोनच अवस्था असताना बोटाच्या दाबाचा कालावधी हेच मोजमाप झाले, आणि उडी लहान-मोठी करणे खेळाडूच्या हाती आले. ही उडी शिकवण्याची पद्धतही पाहण्यासारखी आहे. पहिल्याच टप्प्याच्या उत्तरार्धात ठोकळ्यांचे दोन जिने समोरासमोर येतात व त्यांच्यामध्ये सलग जमीन असते. उडी चुकली तरी काही बिघडत नाही. थोडे पुढे तशीच जोडी पुन्हा येते, पण आता मध्ये खड्डा असतो. एक अक्षरही न लिहिता तीच उडी आधी बिनधोक आणि मग जिवावर बेतणारी करून दाखवली आहे.

उडीचे गणित शाळेतल्या प्रक्षेपित वस्तूच्या गणितासारखेच आहे, फक्त ते उलट्या बाजूने सोडवले जाते. रचनाकार गुरुत्वापासून नव्हे, तर हव्या त्या उंचीपासून आणि वेळेपासून सुरुवात करतो. समजा, पात्राने ४ टाइल (टप्पा ज्या एकसारख्या चौकोनांनी रचतात ते) उंच जावे आणि ०.४ सेकंदात शिखर गाठावे असे ठरले. दुप्पट उंचीला वेळेच्या वर्गाने भागले की गुरुत्व त्वरण दर सेकंदाला, सेकंदाला ५० टाइल येते आणि दुप्पट उंचीला वेळेने भागले की सुरुवातीचा वेग सेकंदाला २० टाइल येतो. एक टाइल एक मीटरची मानली, तर हे त्वरण पृथ्वीवरच्या ९.८ च्या पाचपटीहून जास्त भरते. पृथ्वीच्या गुरुत्वाने तेवढीच उंच उडी घेतली तर पात्र सुमारे १.८ सेकंद हवेत तरंगत राहील आणि बटण दाबणाऱ्याला ते फुग्यासारखे वाटेल. त्यातही चढ आणि उतार सारखे ठेवण्याचे बंधन नसते. वरच्या उदाहरणात उतरताना गुरुत्व दुप्पट केले, तर हवेतला वेळ ०.८ सेकंदावरून सुमारे ०.६८ सेकंदावर येतो; पात्र सेकंदाला ८ टाइल धावत असेल तर उडीची लांबी ६.४ टाइलवरून साधारण साडेपाच टाइलवर येते. वाट अशा वेळी सममित अन्वस्त राहत नाही, पण जमिनीवर उतरणे ठसठशीत वाटते.

हे गणित संगणक सलग करत नाही. एकेका फ्रेमला, म्हणजे पडद्यावरच्या एकेका चित्राला, वेग आणि जागा बदलत जातो. त्यामुळे एक अडचण उभी राहते. प्रत्येक फ्रेमला आधी वेग कमी करून मग जागा हलवली, तर सेकंदाला ६० फ्रेम असताना वरची ४ टाइलची उडी प्रत्यक्षात सुमारे ३.८३ टाइल भरते आणि ३० फ्रेम असताना ३.६७ टाइल. एकच गेम मंद यंत्रावर चालवला तर त्यातला कठडा उडीच्या आवाक्याबाहेर जाण्याची शक्यता यातून निर्माण होते. म्हणूनच हालचालीचे गणित अनेकदा चित्र दाखवण्याच्या गतीपासून वेगळे काढून ठरावीक कालखंडाने चालवले जाते.

हवेत पात्रावर किती ताबा द्यावा, यावर खेळाचा स्वभाव ठरतो. १९८६ च्या ‘कॅसलव्हेनिया’मध्ये उडी मारताना निवडलेली दिशा शेवटपर्यंत तीच राहते. हा दोष मानणे चुकीचे आहे. शत्रू कोठून येईल याचा विचार उडीआधीच करायला लावणे हाच तिथे खेळ आहे. जॉर्डन मेकनर यांच्या १९८९ मधील ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’त भावाच्या पळण्या-उडण्याच्या चित्रणावरून रेखाटन केलेले असल्यामुळे शरीराला खरे वजन आले, त्या बदल्यात बटण दाबल्यानंतर आधी चाललेली हालचाल पुरी होण्याची वाट पाहावी लागते. १९९१ च्या ‘सोनिक द हेजहॉग’मध्ये पात्र उडते ते सरळ वर नव्हे, तर पायाखालच्या उताराशी काटकोनात, त्यामुळे टेकडीचा चढ हाच उडीचा वाटाडा होतो.

उडी न्याय्य वाटावी यासाठी प्रोग्रामला खेळाडूच्या बाजूने थोडी सूट द्यावी लागते. आपण कडेवरूनच उडी मारली अशी खेळाडूची खात्री असते, पण मोजून पाहिले तर पाय एक-दोन फ्रेम आधीच सुटलेला असतो. अशा वेळी कडा सोडल्यानंतरही क्षणभर उडी मान्य केली जाते. या सवलतीला ‘कोयोटी टाइम’ म्हणतात. ‘रोड रनर’च्या व्यंगपटांतला कोयोटी कड्यावरून पुढे धावत जातो आणि खाली पाहीपर्यंत पडत नाही, त्यावरून हे नाव पडले. ही मुभा ६ फ्रेमची ठेवली तर ती एक दशांश सेकंद होते आणि वरच्या उदाहरणातले पात्र तेवढ्यात कडेपलीकडे ०.८ टाइल गेलेले असते. तरीही खेळताना ते जाणवत नाही. उलट बाजूची सवलतही असते: पाय टेकण्याच्या किंचित आधी बटण दाबले, तर तो दाब लक्षात ठेवून टेकताक्षणी उडी दिली जाते. डोके छताच्या कोपऱ्याला निसटते लागले, तर पात्राला काही पिक्सेल बाजूला सरकवून वर जाऊ दिले जाते. २०१८ मधील ‘सेलेस्ट’ हा अत्यंत कठीण गेम या सर्व सवलती वापरतो आणि बटण दाबून धरल्यास शिखराजवळ गुरुत्व निम्मे करतो. त्याच्या निर्मात्यांनी हे उघडपणे समजावून सांगितले आहे. यामुळे खेळ सोपा होत नाही. जे करायचे ठरवले होते तेच पडद्यावर घडते, आणि मरण आले तर चूक आपली होती हे खेळाडूला पटते.

मूळ उडीवर पुढे भर पडत गेली. हवेतच दुसऱ्यांदा उडी मारणे, भिंतीला पाय लावून उलट दिशेला झेपावणे, अशा प्रकारांनी उडीनंतरही निर्णय घेण्याची संधी दिली. शोधाशोधीच्या गेममध्ये अशी नवी उडी किल्लीसारखी वापरली जाते: सुरुवातीपासून दिसणारा पण हाती न लागणारा कठडा दुहेरी उडी मिळाल्यावर गाठता येतो.

त्रिमितीय पडद्यावर उडी अवघड झाली, कारण खोली नेमकी कळत नाही. १९९५ च्या ‘जंपिंग फ्लॅश’ने दुसऱ्या उडीसरशी कॅमेरा खाली झुकवून उतरण्याची जागा दाखवली. १९९६ च्या ‘सुपर मारिओ ६४’मध्ये पात्राच्या थेट खाली सावली पडते, सूर्य कोठेही असो, ती सरळ खालीच, कारण तिचे काम उजेड दाखवण्याचे नसून पाय कोठे टेकतील हे सांगण्याचे आहे.

उडी काढून टाकूनही हा प्रकार टिकतो, हेही दिसून आले आहे. १९८७ च्या ‘बायॉनिक कमांडो’त नायक उडी न मारता यांत्रिक हाताने वर लटकून झोके घेतो. टेरी कॅव्हना यांच्या २०१० मधील, सहा ‘व्ही’ अक्षरांचेच नाव असलेल्या गेममध्ये बटण दाबल्यावर गुरुत्वच उलटते आणि पात्र छतावर पडते. याच्या दुसऱ्या टोकाला २००९ चा ‘कॅनाबाल्ट’ आहे. त्यात धावणे आपोआप होते, वेग वाढत राहतो आणि खेळाडूच्या हाती इमारतींच्या गच्च्यांवरून घ्यायची उडी एवढेच उरते. वाटेतल्या खोक्यांना धडकले की वेग कमी होतो, म्हणून वेग आवाक्यात ठेवण्यासाठी अनुभवी खेळाडू काही खोक्यांवरून मुद्दाम उडी मारत नाहीत.