चाळीस बटणं, तेरा तारा

इंदुरातल्या मराठी घरांत माळा आवरायला काढला की अधूनमधून एखादा सिंक्लेअर स्पेक्ट्रम, म्हणजे ऐंशीच्या दशकातला ब्रिटिश घरगुती संगणक, खाली येतो. टीव्हीला जोडला तर पुष्कळदा चालूही होतो. दगा देतो तो कीबोर्ड. मग घरचा कुणी हौशी माणूस स्वतःच कीबोर्ड बनवायला बसतो. ही खोड नवी नाही, घरगुती संगणकाइतकीच जुनी आहे.

१९७६चा ॲपल-१ म्हणजे नुसता सर्किट बोर्ड होता. कीबोर्ड, ट्रान्सफॉर्मर, डबा सगळं घेणाऱ्यानंच जमवायचं. पुढे कंपन्या कीबोर्ड देऊ लागल्या, पण काटकसर केली ती नेमकी तिथेच. १९७७च्या कमोडोर पेटची बटणं कॅल्क्युलेटरसारखी बारकी होती, १९७९च्या अटारी ४००ला तर उठावाची बटणंच नव्हती, नुसता सपाट पृष्ठभाग. सिंक्लेअरनं १९८१ साली झेडएक्स८१ जोडून तयार ६९.९५ पौंडांत विकला. त्या भावात खरीखुरी बटणं बसणार कुठून? प्लास्टिकचे दोन पातळ थर, त्यांवर छापलेल्या वाहक रेघा, मध्ये भोकांचा तिसरा थर, झाला कीबोर्ड. याला मेम्ब्रेन म्हणतात. १९८२च्या स्पेक्ट्रमनं याच मेम्ब्रेनवर रबराची चटई घातली. १९८४च्या स्पेक्ट्रम प्लसवर टणक बटणं आली, पोटात मात्र मेम्ब्रेनच. पुण्याच्या डेसीबेल्सनं भारतात विकलेला डीबी स्पेक्ट्रम याच घराण्यातला.

मेम्ब्रेनच्या दोन शेपट्या, म्हणजे रेघा बाहेर नेणाऱ्या चपट्या पट्ट्या, बोर्डात खोचलेल्या असतात. उष्णतेनं त्या कडक होतात आणि घडीवर तडकतात. माळव्याच्या थंड रात्रींचं कौतुक खरं, पण मे महिन्यात पत्र्याखालच्या माळ्यावर ते कामाचं नाही.

दुरुस्ती सोपी असण्याचं श्रेय त्याच काटकसरीला द्यायला हवं. मूळ स्पेक्ट्रमची ४० बटणं ८ ओळी आणि ५ स्तंभांत मांडलेली आहेत. त्यामुळे एक शेपटी आठ तारांची, दुसरी पाचाची. प्रोसेसर एकेका ओळीला विचारतो आणि पाच तारांवर उत्तर वाचतो. वेगळी चिप नाही, लागणारे डायोडही (वीज एकाच दिशेनं जाऊ देणारे भाग) बोर्डावर आधीच आहेत. भंगारातल्या जुन्या संगणक-टर्मिनलच्या कीबोर्डची बटणं काढायची, तेरा तारांना डाग द्यायचे (सोल्डर करायचं), की काम झालं. ओबडधोबड लाकडी चौकटीतही ते चालतं.

खरी कटकट पुढे. स्पेक्ट्रमवर बेसिक या प्रोग्रामिंग भाषेचे शब्द अक्षरं जुळवून लिहायचे नसतात. ओळीच्या सुरुवातीला P दाबलं की अख्खं PRINT उमटतं, J दाबलं की LOAD. एकेका बटणावर पाच-सहा अर्थ असतात. टाइपरायटरसारखी कोरी अक्षरं असलेला देखणा कीबोर्ड जोडला, तर शब्द कुठे दडलेत ते पाठच असावं लागतं. म्हणून चिकटपट्टीखाली कागदाच्या चिठ्ठ्या लावायची पद्धत पडली. दिसायला गबाळं, पण माझ्या मते सगळ्यात शहाणं काम तेच.

खोडण्यासाठी CAPS SHIFT आणि ० एकत्र दाबावे लागतात. त्यासाठी जाणकार दोन संपर्कांचा एक स्विच लावतात, म्हणजे एका दाबात दोन्ही जुळतात. स्पेक्ट्रम प्लसच्या मेम्ब्रेननंही वाढीव बटणांसाठी हीच युक्ती वापरली होती.

आता नवी छापील मेम्ब्रेनं विकत मिळतात. नुसता संगणक चालू करायचा असेल तर तीच घ्यावीत; बोटांना खऱ्या बटणांची सवय असेल तरच डाग द्यायला बसावं. डबा उघडताना वरचं झाकण झटक्यात उचलू नये, शेपट्या त्यालाच जोडलेल्या असतात.