म्होरकी आवळली की घोडं ताब्यात राहतं?

पुसेगावच्या यात्रेत म्होरकी (घोड्याच्या डोक्यात घालायच्या पट्ट्या) घेताना कुणीतरी सांगतंच, "आवळून बांधा, मग घोडं हूं की चूं करत नाही." साफ चूक. घोडा श्वास फक्त नाकानं घेतो, तोंडानं नाही. आवळलेली नाकपट्टी खाली सरकली की हाड सोडून मऊ कुर्चेवर दाबते आणि जनावर उलट डोकं झटकतं. पट्टी गालाच्या उंच हाडाखाली दोन बोटं हवी, आत दोन बोटं सहज फिरावीत. फार सैलही नको. कान खाजवताना मागचा खूर आत अडकतो. (शिंगराची दर आठवड्याला बघा, डोकं झपाट्यानं वाढतं.) घामानं कडक झालेली पट्टी कातडी सोलते, ती धुवा. नायलॉनची सहजी तुटत नाही, म्हणून रानात सोडताना काढूनच ठेवा.