‘ओढू नका’ आणि ‘सोडा’ हे दोन वेगळे संदेश आहेत

वेपिंगविरुद्ध, म्हणजे ई-सिगारेट ओढण्याविरुद्ध, काहीही छापले, दाखवले किंवा पाठवले की त्याला सरसकट ‘जनजागृती’ म्हणण्याची आपली सवय मला फार खटकते. ज्याने ई-सिगारेटला हात लावलेला नाही त्याला सांगायची गोष्ट वेगळी आणि ज्याच्या खिशात ती रोज असते त्याला सांगायची गोष्ट वेगळी. अमेरिकेत ही दोन्ही कामे शेजारी शेजारी चालत आल्यामुळे तेथील उदाहरण सोयीचे आहे.

पहिला प्रकार सर्वांच्या परिचयाचा आहे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१४ मध्ये सिगारेटविरुद्ध सुरू केलेली ‘द रिअल कॉस्ट’ ही मोहीम सप्टेंबर २०१८ मध्ये वेपिंगपर्यंत वाढवली. जाहिरातीत मुलांच्या कातडीखाली किडे वळवळताना दाखवले आणि शाळांच्या स्वच्छतागृहांत फलक लावले, कारण मुले लपून ओढत ती तेथेच. चित्रपट सुरू होण्यापूर्वी तंबाखूविरोधी जाहिरात निमूटपणे पाहिलेल्या मराठी वाचकाला यातील युक्ती उलगडून सांगण्याची गरज नाही.

दुसऱ्या प्रकाराचे उदाहरण म्हणजे ‘ट्रुथ इनिशिएटिव्ह’ या संस्थेने जानेवारी २०१९ मध्ये १३ ते २४ वर्षांच्या मुलामुलींसाठी सुरू केलेला ‘धिस इज क्विटिंग’ हा विनामूल्य उपक्रम. एक मोबाइल संदेश पाठवून नाव नोंदवायचे आणि सोडण्याची तारीख ठरवायची. मग त्या तारखेच्या आधी आठवडाभर आणि नंतर आठ आठवडे संदेश येत राहतात. माध्यम, खर्च, भाषेचा बाज हे फरक किरकोळ आहेत. त्यांवर वेळ घालवू नये.

खरी गफलत होते ती एका झुरक्याच्या अर्थावरून. ‘एकदा ओढलेस की अडकलास’ हे वाक्य न ओढणाऱ्यासाठी कुंपणाचे काम करते, कारण त्याने कुंपणाच्या अलीकडेच राहावे एवढीच अपेक्षा असते आणि ती पुरी करताना त्याला काहीही सोडावे लागत नाही. तेच वाक्य, नऊ दिवस वेपला न शिवता दहाव्या रात्री मित्राच्या खोलीवर एक झुरका घेऊन बसलेल्या मुलीला ऐकवले, तर तिला त्यातून एवढेच कळते की सारे मुसळ केरात गेले, आता उरलेला पॉड (वेपमधली निकोटीनच्या द्रवाची कुपी) संपवायला हरकत नाही. म्हणून सोडवण्याच्या संदेशाला नेमके उलटे बोलावे लागते: घसरलीस, ठीक आहे, नऊ दिवस वाया गेलेले नाहीत, पुढचा तास कसा काढायचा ते पाहू. ‘धिस इज क्विटिंग’मध्ये अशा वेळी घसरल्याचा, तलफ आल्याचा किंवा ताण असह्य झाल्याचा एक ठरावीक शब्द टाइप केला की त्या प्रसंगापुरता सल्ला येतो. फुप्फुसाचे चित्र तिला दाखवून उपयोग नसतो, कारण का सोडावे हे तिला ठाऊक असते. निकोटीन तुटल्यावर येणारी चिडचिड, उडालेली झोप आणि अभ्यासात न लागणारे लक्ष यांचे काय करावे, हे तिला कोणी सांगितलेले नसते.

यशाचे मापही त्यामुळे बदलते. १८ ते २४ वयोगटातील २,५८८ जणांच्या चाचणीत सात महिन्यांनंतर, मागील ३० दिवस वेपिंग न केल्याचे सांगणारे या उपक्रमाच्या गटात २४.१ टक्के आणि तुलनेच्या गटात १८.६ टक्के होते. १३ ते १७ वयोगटाच्या चाचणीत, जिचे निष्कर्ष २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले, हेच आकडे ३७.८ आणि २८ टक्के आले. ‘एवढ्या लाख लोकांनी जाहिरात पाहिली’ हा आकडा यांच्या पंगतीत बसवणाऱ्या अहवालांवर माझा विश्वास नाही.

भारतात २०१९ च्या कायद्याने ई-सिगारेटचे उत्पादन, आयात, विक्री, साठवण आणि जाहिरात यांवर बंदी आली, आणि तेव्हापासून बंदी आहे म्हणजे सोडण्याबद्दलही सांगून झाले, असा तिसराच गोंधळ रुजला. तंबाखू सोडण्यासाठी आपल्याकडे १८००-११-२३५६ ही विनामूल्य दूरध्वनी सेवा आहे आणि सिगारेट-गुटख्याच्या वेष्टनांवर हा क्रमांक २०१८ पासून छापला जातो. चोरट्या मार्गाने आलेल्या वेपच्या खोक्यावर तो छापायला मात्र कोणालाच सांगता येत नाही.