नॉनस्टॉप मिक्स कापू नका, खुणा करा

घणसोली, कोपरखैरणे, करावे, आपल्या आगरी-कोळी हळदीत डीजे जे नॉनस्टॉप वाजवतो ते म्हणजे तास-सव्वा तास सलग वाजणारं एकच मिक्स, आणि ज्यांच्या गाडीत अजून सीडी प्लेयर आहे त्यांना ते सीडीवर हवं असतं, पण नेक्स्टचं बटण दाबलं की पुढचं गाणंही लागायला हवं. मग लोक फाइल एडिटरमध्ये उघडतात, गाणं बदलल्यासारखं वाटलं तिथे कापतात, तुकडे बर्न करतात. घोडबंदर रोडला गाडीत लावलं की प्रत्येक जोडावर दोन सेकंद शांतता, नाहीतर टक् असा आवाज. डीजेने दोन गाण्यांचे ठोके एकमेकांवर बसवायला जीव ओतलेला असतो आणि तो नेमका तिथेच वाया जातो, मला याचं खरंच वाईट वाटतं कारण हे टाळणं अजिबात अवघड नाही.

मुळात ऑडिओ सीडीवर ट्रॅक वेगळे नसतातच. आतून बाहेर जाणारी एकच वळणाची रेघ असते, उलगडली तर पाच किलोमीटरच्या वर जाईल. ट्रॅक कुठे सुरू होतो हे फक्त सुरुवातीच्या एका यादीत लिहिलेलं असतं, शिवाय वाजता वाजता ट्रॅक नंबर आणि वेळ आवाजाच्या सोबत बारीक माहिती म्हणून चालूच असते. ठाणे-वाशी लाइनवर ऐरोली, रबाळे, घणसोली स्टेशनं येतात, पण तिथे रूळ कापलेला नसतो, तसंच.

आता गंमत ७५ या आकड्यात आहे. फिलिप्स आणि सोनीने १९८० मध्ये जे रेड बुक नावाचं स्टँडर्ड केलं त्यात सेकंदाला ४४,१०० सॅम्पल, म्हणजे आवाजाच्या लाटेची मोजलेली मापं, असतात आणि एका सेकंदाचे ७५ सारखे भाग, म्हणजे सेक्टर पडतात, म्हणजे एका सेक्टरमध्ये बरोबर ५८८ सॅम्पल. ट्रॅकची सुरुवात सेक्टरच्या तोंडावरच होऊ शकते, मध्ये नाही. तुम्ही कापलेला तुकडा ५८८ च्या पटीत नसला की शेवटचा सेक्टर अर्धवट राहतो आणि बर्निंगचं सॉफ्टवेअर उरलेली जागा शून्यांनी भरतं. ही शांतता जास्तीत जास्त १३ मिलीसेकंद, पण भरलेल्या बासच्या मधोमध लाट एकदम शून्यावर पडते आणि परत उडी मारून वर जाते, अशा अचानक उडीत खालपासून वरपर्यंत सगळ्याच फ्रिक्वेन्सी असतात, म्हणून कानाला ते टक् ऐकू येतं.

दोन सेकंदांच्या शांततेचं कारण वेगळं. बर्न करताना ट्रॅक-ॲट-वन्स निवडलं की प्रत्येक ट्रॅकनंतर लेझर थांबतो आणि मध्ये गॅप पडते. डिस्क-ॲट-वन्स निवडा, अख्खी डिस्क एका दमात लिहिली जाते.

म्हणून माझं म्हणणं एवढंच की मिक्सची वेव्ह फाइल एकच ठेवा आणि सोबत क्यू शीट बनवा. ही साधी टेक्स्ट फाइल असते, तिच्यात प्रत्येक ट्रॅकची सुरुवात मिनिट, सेकंद, फ्रेम अशी लिहायची, फ्रेम म्हणजे वर सांगितलेला सेक्टरच. तिसरा आकडा ०० ते ७४ असतो, तो सेकंदाचा शंभरावा भाग नाही, इथे भरपूर लोक चुकतात. तुकडेच पाहिजे असतील तर ऑडॅसिटी या ऑडिओ एडिटरमध्ये स्नॅप सीडीडीए (म्हणजे ऑडिओ सीडीच्या) फ्रेम्सवर ठेवून लेबल लावा म्हणजे कट आपोआप सेक्टरवर बसतो. आणि एमपीथ्रीचे तुकडे करून बर्न करू नका. एमपीथ्री ११५२ सॅम्पलच्या गठ्ठ्यांत बांधली जाते आणि प्रत्येक फाइलच्या पुढे-मागे थोडी शांतता चिकटते.

खूण नेमकी कुठे करायची हा खरा कानाचा प्रश्न. दोन गाणी अर्धा मिनिट एकत्र वाजत असतात, नवीन गाण्याची पहिली चाहूल लागते तिथे खूण केली तर नेक्स्ट दाबल्यावर जुनंच गाणं जास्त ऐकू येतं. मी तरी नवीन गाण्याचा बास जिथे ताबा घेतो तिथली सम, म्हणजे चार ठोक्यांतला पहिला ठोका, पकडतो. १२० बीपीएमला (मिनिटाला १२० ठोके) चार ठोके म्हणजे २ सेकंद, बरोबर १५० सेक्टर, पण १२८ ला चार ठोक्यांचे १४०.६२५ सेक्टर होतात, म्हणजे सम सेक्टरवर बसेलच असं नाही. अशा वेळी आधीचा सेक्टर घ्या, उलट अजून दोन-चार फ्रेम आधीच घ्या, कारण नंतरचा घेतला तर किक ड्रमच्या पहिल्या ठोक्याचा दणका मागच्या ट्रॅकमध्ये राहतो, आणि काही प्लेयर उडी मारल्यावर आवाज लगेच पूर्ण उघडत नाहीत.

मिक्स ८० मिनिटांच्या वर असेल तर मात्र दोन डिस्क कराव्या लागतात आणि तिथे कापण्याला पर्याय नाही. एखादा शांत ब्रेक शोधा, पहिल्या डिस्कच्या शेवटी आवाज हळू उतरवा, दुसरी डिस्क त्याच जागेच्या दहा-पंधरा सेकंद आधीपासून हळू चढवत सुरू करा.